विश्लेषण : पाच नोबेल विजेते, दोन क्रिकेट कर्णधार, एक गुलाम... जगात इतके ‘स्मिथ’ आले कुठून?

२००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराच्या मानकऱ्यांत जॉर्ज स्मिथ हे नाव होते. नऊ वर्षांनी, २०१८ मध्ये, रसायनशास्त्राच्या नोबेलसाठी पुन्हा जॉर्ज स्मिथ हेच नाव पुकारले गेले. दोघेही अमेरिकी शास्त्रज्ञ. पण माणसे वेगळी, विषय वेगळे आणि घराणीही वेगळी. हॅमिल्टन स्मिथ (१९७८, वैद्यकशास्त्र), मायकेल स्मिथ (१९९३, रसायनशास्त्र) आणि व्हर्नन स्मिथ (२००२, अर्थशास्त्र) हे तिघे धरले तर नोबेल विजेत्या स्मिथांची संख्या पाच होते. क्रिकेट, सिनेमा, संगीत, अर्थशास्त्र, भूगर्भशास्त्र, कुठेही पाहा, एखादा स्मिथ असतोच. एकच आडनाव इतक्या ठिकाणी कसे पोहोचले? आणि आडनाव एक म्हणजे मूळ एक, असे म्हणता येते का?

‘स्मिथ’ म्हणजे काय?

जुन्या इंग्रजीत ‘स्मिथ’ म्हणजे धातू घडवणारा कारागीर. पुढे हा शब्द प्रामुख्याने लोहारासाठी रूढ झाला. सोने घडवणारा तो गोल्डस्मिथ, तांबे घडवणारा तो कॉपरस्मिथ.

इंग्लंडमध्ये आडनावे पूर्वीपासून नव्हती. १०६६ मध्ये नॉर्मन राजवट आल्यानंतर उमराव घराण्यांपासून ही पद्धत सुरू झाली आणि साधारण चौदाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सामान्य लोकांतही रुजली. त्यामागे हिशेबाची गरज होती. जमिनीच्या नोंदी, कोर्टाचे कागद, डोईपट्टीच्या याद्या यांत नुसते ‘जॉन’ लिहून भागत नव्हते, कारण प्रत्येक गावात अनेक जॉन असत. मग लिहिणारा ओळख जोडू लागला. विल्यमचा मुलगा तो विल्यमसन, टेकडीजवळ राहणारा तो हिल, पीठ दळणारा तो मिलर, कपडे शिवणारा तो टेलर आणि भट्टीवर घण मारणारा तो स्मिथ.

मराठी वाचकाला ही रचना नवी नाही. गावावरून ‘कर’ लागलेली आडनावे, कुलकर्णी-देशपांडे-पाटील ही वतनावरून आलेली आडनावे आणि लोहार-सुतार-कुंभार ही कामावरून आलेली आडनावे आपल्याकडेही आहेत. फरक एवढाच की आपल्याकडे व्यवसायावरचे आडनाव बहुतेकदा जातीशी बांधलेले राहिले. इंग्लंडमध्ये लोहाराच्या मुलाने वेगळा धंदा धरला की भट्टी सुटायची, आडनाव मात्र चिकटून राहायचे.

सर्वाधिक संख्या स्मिथांचीच का?

याचे कारण गावाच्या गरजेत आहे. नांगराचा फाळ, घोड्याची नाल, दाराची बिजागरी, विळा, कुऱ्हाड, शस्त्र यांपैकी काहीही हवे असले तरी लोहाराकडेच जावे लागे. त्यामुळे जवळपास प्रत्येक वस्तीत एक लोहार असे. शेतकरी संख्येने खूप जास्त होते, पण सगळेच शेतकरी असतील तर ‘शेतकरी’ म्हणून कोणाची ओळख पटणार? गावात लोहार मात्र एकच असल्याने ‘लोहार जॉन’ म्हटले की नेमका माणूस समजे. म्हणजे एका गावापुरती अचूक असलेली खूण हजारो गावांत एकाच वेळी वापरली गेली आणि देशभराचा हिशेब मांडला तेव्हा ती सर्वात सामान्य ठरली. या हजारो गावांतल्या लोहारांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असण्याचे काही कारण नव्हते.

आज ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात हेच सर्वात मोठे आडनाव आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत सुमारे २४ लाख ४० हजार स्मिथ नोंदले गेले. ते सगळे इंग्रज वंशाचे नाहीत. आयर्लंडमधील ‘मॅक गवन’ म्हणजे ‘लोहाराचा मुलगा’. इंग्रजी अमलात, विशेषतः कॅव्हन परगण्यात, त्यातील अनेक घराणी स्मिथ झाली. जर्मन ‘श्मिट’चाही अर्थ लोहारच. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मनविरोधी वातावरण तापले तेव्हा अनेक श्मिट कुटुंबांनी स्मिथ होणे पसंत केले. रशियातील कुझनेत्सोव, हंगेरीतील कोवाच, इटलीतील फेरारी आणि अरबी हद्दाद ही आडनावेही लोहारकामातूनच आली आहेत.

नाव लोहाराचे, काम कोणाचे?

आधुनिक अर्थशास्त्राचे जनक मानले जाणारे ॲडम स्मिथ हे स्कॉटलंडमधील कर्कॉल्डी गावचे. १७२३ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नावही ॲडम स्मिथच. ते वकील आणि जकात अधिकारी होते. मुलाच्या जन्मापूर्वीच ते वारले. भट्टीशी या घराचा संबंध उरलेला नव्हता. तरी १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या पहिल्याच प्रकरणात लोहार आहे. श्रमविभागणीचा फायदा सांगताना ॲडम स्मिथ हिशेब मांडतात की, खिळे करण्याची सवय नसलेला लोहार दिवसाला जेमतेम दोन-तीनशे खिळे करेल, तेही वाईट. अधूनमधून खिळे करणारा ८०० ते १००० करेल. पण दुसरे काहीच न करता फक्त खिळेच करणारी विशीच्या आतली मुले २३०० पेक्षा जास्त करतात. खुल्या व्यापाराची बाजू मांडणारा हा स्मिथ १७७८ मध्ये स्वतः स्कॉटलंडचा जकात आयुक्त झाला.

दुसरीकडे विल्यम स्मिथ हे खरोखरच लोहाराचे पुत्र. १७६९ मध्ये ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले, शिक्षण जेमतेम झाले आणि ते जमीन मोजणी शिकले. कोळशाच्या वाहतुकीसाठी सॉमरसेटमध्ये कालवा खणला जात असताना त्यांच्या लक्षात आले की, खडकांचे थर ठरावीक क्रमाने येतात आणि प्रत्येक थरात विशिष्ट जीवाश्म सापडतात. म्हणजे जीवाश्म ओळखला की थर ओळखता येतो. या एका सूत्रावर ते वर्षानुवर्षे देशभर फिरले आणि १८१५ मध्ये त्यांनी इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडच्या काही भागाचा भूगर्भीय नकाशा प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या प्रदेशाचा असा तपशीलवार नकाशा त्यापूर्वी झाला नव्हता.

पैसा मात्र मिळाला नाही. १८१९ मध्ये कर्जापायी त्यांना लंडनच्या तुरुंगात जावे लागले. उच्चभ्रू सभासदांच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८२० मध्ये स्वतःचा नकाशा काढला आणि स्मिथ यांच्या नकाशाची विक्री आणखी घसरली. त्याच सोसायटीने १८३१ मध्ये पहिले वोलास्टन पदक विल्यम स्मिथ यांना दिले. खडकांच्या थरांवरून लोक त्यांना ‘स्ट्रॅटा स्मिथ’ म्हणत. इतक्या स्मिथांतून एकाला वेगळे काढायचे तर पुन्हा कामाचेच विशेषण जोडावे लागले. मध्ययुगात खेड्यातल्या जॉनबाबत झाले तेच.

एकाच नावाचे तीन जॉर्ज

२००९ च्या नोबेलचे मानकरी जॉर्ज ई. स्मिथ यांनी विलर्ड बॉइल यांच्यासह १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये ‘सीसीडी’ हा प्रकाश टिपणारा सेन्सर शोधला. डिजिटल कॅमेऱ्यांची सुरुवात त्यातून झाली आणि हबल दुर्बिणीने पाठवलेली अवकाशाची छायाचित्रेही याच तंत्रावर टिपली गेली. २०१८ चे मानकरी जॉर्ज पी. स्मिथ हे मिसुरी विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ. जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंच्या बाह्य आवरणावर हवे ते प्रथिन बसवण्याचे ‘फेज डिस्प्ले’ तंत्र त्यांनी १९८५ मध्ये मांडले. संधिवातावर वापरल्या जाणाऱ्या अडालिमुमॅब या औषधाचा विकास याच तंत्राच्या पुढील टप्प्यातून झाला. या दोघांतला फरक कागदावर फक्त मधल्या आद्याक्षरात दिसतो.

तिसरे जॉर्ज स्मिथ एकोणिसाव्या शतकातले. ते लंडनमध्ये नोटांच्या छपाईसाठी कोरीवकाम करणारे कारागीर होते. जेवणाच्या सुट्टीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन त्यांनी मातीच्या विटांवर कोरलेली प्राचीन इराकची लिपी आत्मसात केली. १८७२ मध्ये एका फुटक्या विटेवर त्यांना महापुराची कथा सापडली. ती ‘गिल्गमेश’ महाकाव्याचा भाग होती आणि बायबलमधील नोहाच्या कथेशी तिचे थक्क करणारे साम्य होते. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्यांनी हे वाचन लंडनमध्ये सादर केले तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते. विटेचा उरलेला तुकडा शोधण्यासाठी ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राने त्यांना इराकला पाठवले आणि तिथे पुराच्या कथेचा आणखी एक तुकडा त्यांना सापडलाही. १८७६ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, अशाच एका मोहिमेत त्यांचा आजारपणात मृत्यू झाला.

आडनाव की मालकाची खूण?

अमेरिकेतील स्मिथांपैकी जवळपास २३ टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्यापर्यंत हे आडनाव कोणत्याही लोहाराच्या भट्टीतून आले नाही. यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे आणि तो एका माणसाच्या कथेतून स्पष्ट होतो.

ब्रोटिअर फुरो हा आफ्रिकेतील एका सरदाराचा मुलगा. १७२९ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. लहान असतानाच त्याला पकडून गुलामांच्या जहाजावर विकण्यात आले. जहाजावरील एका माणसाने चार गॅलन रम आणि कापडाचा एक तुकडा देऊन त्याला विकत घेतले. ही खरेदी त्या माणसाची स्वतःची खासगी गुंतवणूक होती, म्हणून त्याने मुलाचे नाव ‘व्हेंचर’ ठेवले. आजच्या ‘व्हेंचर कॅपिटल’मधला शब्द तोच.

व्हेंचर न्यू इंग्लंडमध्ये वाढला आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला गेला. शेवटचा मालक होता ऑलिव्हर स्मिथ. मालकाचे काम झाल्यावर लाकडे फोडून, मासे पकडून, शेती करून व्हेंचरने पैसे साठवले आणि १७६५ मध्ये ७१ पौंड २ शिलिंग मोजून स्वतःला विकत घेतले. त्यानंतर त्याने ‘स्मिथ’ हे आडनाव लावले. मग दोन मुलांची सुटका विकत घेतली आणि नंतर पत्नी मेगची. मेग तेव्हा गरोदर होती. मूल जन्मण्याआधीच तिला सोडवल्याने आणखी एका अपत्याची किंमत मोजावी लागली नाही, हा हिशेबही त्याच्या आत्मकथेत आहे. १७९८ मध्ये ती छापली गेली. आपल्या वडिलांचे नाव सौंगम फुरो होते, हे त्याने त्यात आवर्जून नोंदवले. १८०५ मध्ये व्हेंचर स्मिथ वारला, तेव्हा त्याच्याकडे स्वतःची जमीन आणि घरे होती.

वडिलांचे नाव सांगू शकणारा व्हेंचर हा अपवाद होता. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी केली जाई. तीत मालकाचे नाव असे; त्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण लिहिलेला असे. नावाचा रकाना जवळपास सर्वत्र नव्हताच. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८७० च्या जनगणनेत या लाखो लोकांची नावे पहिल्यांदा लिहिली गेली. काहींनी शेवटच्या मालकाचे आडनाव सांगितले, काहींनी जुन्या मालकाचे, कारण आई-वडील त्याच्याकडे होते. काहींनी स्वतःच नवे निवडले. अनेक कुटुंबे आपापसात आधीपासून आडनाव वापरत होती, फक्त ते सरकारी कागदावर येत नव्हते. आज आपल्या पूर्वजांचा शोध घेणारे कृष्णवर्णीय अमेरिकी कुटुंब १८७० पर्यंत सहज मागे जाते आणि तिथे अडते. वंशावळीचे अभ्यासक याला ‘१८७० ची भिंत’ म्हणतात. ज्यांचे आडनाव स्मिथ आहे त्यांच्यासाठी ती भिंत अधिकच उंच, कारण त्या आडनावाचे मालकही असंख्य होते.

चार गायिका, एकही बहीण नाही

१९२० च्या दशकात ‘ब्लूज’ हा कृष्णवर्णीयांचा संगीतप्रकार ग्रामोफोनवर आला, तेव्हा आघाडीवर चार स्मिथ होत्या : मॅमी, बेसी, क्लॅरा आणि ट्रिक्सी. एकीचेही दुसरीशी नाते नव्हते. मॅमी स्मिथ यांचे १९२० मधील ‘क्रेझी ब्लूज’ हे कृष्णवर्णीय गायिकेने ध्वनिमुद्रित केलेले पहिले ब्लूज गीत मानले जाते. त्याच्या विक्रीमुळे कंपन्यांना हा श्रोतावर्ग दिसला. तीन वर्षांनी बेसी स्मिथ यांची पहिली रेकॉर्ड आली आणि त्या ‘ब्लूजची सम्राज्ञी’ ठरल्या. बेसी आणि क्लॅरा यांनी तर एकत्र गाणीही गायली.

१९३७ मध्ये मोटार अपघातात बेसी यांचा मृत्यू झाला. अंत्ययात्रेला मोठी गर्दी झाली, पण फिलाडेल्फियाजवळील त्यांच्या कबरीवर ३३ वर्षे नावाचा दगड नव्हता. १९७० मध्ये गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसींच्या घरी काम केलेल्या वॉनिता ग्रीन यांनी खर्च उचलून तो बसवला.

याच अमेरिकेतील टेक्सासमध्ये, दुसऱ्याची जमीन बटाईने कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातील १२ भावंडांपैकी एक होते टॉमी स्मिथ. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये त्यांनी २०० मीटर शर्यत १९.८३ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. राष्ट्रगीत सुरू असताना काळा हातमोजा घातलेली मूठ त्यांनी उंचावली, सहकारी जॉन कार्लोस यांनीही. वंशभेदाविरुद्धच्या या कृतीसाठी दोघांना ऑलिम्पिकमधून परत पाठवण्यात आले.

काहींनी स्मिथ का सोडले?

कलाक्षेत्रात आडनाव लक्षात राहावे लागते. मूकपटांच्या काळातील सर्वात मोठ्या अभिनेत्रींपैकी एक मेरी पिकफर्ड यांचे मूळ नाव ग्लॅडिस लुईस स्मिथ. १९०७ मध्ये ब्रॉडवेवर काम मिळाले तेव्हा निर्माते डेव्हिड बेलास्को यांच्याकडे त्यांचे नामांतर झाले आणि पुढे सगळे कुटुंबच पिकफर्ड झाले. ‘हॅरी पॉटर’मधील प्रोफेसर मॅकगोनागल म्हणून आपल्याला परिचित असलेल्या मॅगी स्मिथ यांनी आडनाव ठेवले आणि पहिले नाव बदलले, कारण रंगभूमीवर आधीच एक मार्गारेट स्मिथ होत्या. लेखिका झेडी स्मिथ यांचे नाव सेडी होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी पहिले अक्षर बदलले.

महाराष्ट्रातील स्मिथ

आपल्याकडचा सर्वात जुना प्रसिद्ध स्मिथ अजिंठ्यात आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेच्या २८ व्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि लेण्यांपर्यंत पोहोचला. परिसरातील लोकांना लेणी ठाऊक होतीच; बाहेरच्या जगाला ती त्यानंतर कळली. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील खांबावर, प्राचीन चित्रावरच, त्याने स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरे आज माणसाच्या उंचीपेक्षा वर दिसतात, कारण तेव्हा गुहेत साचलेल्या भरावावर तो उभा होता.

अलीकडचे स्मिथ मैदानावरचे. पुण्याजवळ गहुंजे येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये झालेल्या पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथने फिरकीला अनुकूल खेळपट्टीवर १०९ धावा केल्या आणि भारत ३३३ धावांनी हरला. त्याच वर्षी ‘आयपीएल’मध्ये त्याने रायझिंग पुणे सुपरजायंटला अंतिम फेरीत नेले, मुंबई इंडियन्सने तो सामना अवघ्या एका धावेने जिंकला. दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅमी स्मिथ वयाच्या २२ व्या वर्षी कर्णधार झाला आणि १०९ कसोटींत नेतृत्व करण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. तोही पुण्याच्या जुन्या संघाकडून, पुणे वॉरियर्सकडून, खेळला. बार्बाडोसचा ड्वेन स्मिथ मुंबई इंडियन्सचा सलामीवीर होता. तीन देश, तीन स्मिथ, नाते शून्य.

मग माणूस ओळखायचा कसा?

स्मिथ, स्मिथ आणि श्मिट यांना एकत्र शोधता यावे म्हणून १९१८ मध्ये अमेरिकेत ‘साउंडेक्स’ नावाच्या पद्धतीचे पेटंट देण्यात आले. आडनावातील उच्चारांना अंक देऊन त्याचा छोटा कोड करायचा, ही तिची कल्पना. तीत या आडनावाच्या सगळ्या स्पेलिंगचा कोड एकच येतो : एस-५३०. आजच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्येही ही सोय असते. पण साउंडेक्स सारखी नावे गोळा करते. सारख्या नावांची माणसे वेगळी करण्यासाठी क्रमांकच लागतो. अमेरिकेने १९३६ मध्ये सोशल सिक्युरिटी नंबर दिला, ब्रिटनच्या आरोग्यसेवेत दहा अंकी क्रमांक आहे आणि शास्त्रज्ञांसाठी २०१२ पासून १६ अंकी ‘ऑर्किड’ आयडी आहे. दोन जॉर्ज स्मिथांचे शोधनिबंध त्यामुळे एकमेकांच्या खात्यावर जात नाहीत. आपल्या ‘आधार’चे १२ अंकही हेच काम करतात.

क्रमांकाने माणसांची सरमिसळ टळते, मात्र आडनाव कुठून आले हे त्यातून कळत नाही. ते प्रत्येक घराचे वेगळे शोधावे लागते. एखाद्या स्मिथच्या मागे ऑक्सफर्डशायरची भट्टी असते, एखाद्याच्या मागे घाईने पुसलेले जर्मन नाव, तर एखाद्याच्या मागे ७१ पौंड २ शिलिंगांची पावती.